इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट गेमला जोडताना



मागचे काही भाग आपण घरातल्या जुन्या यंत्रांना नवीन काम कसं द्यायचं हे बघतोय. आजचं यंत्र आहे इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट. हा भाग व्हिडिओवर आला तेव्हा मी ड्रमसमोर बसून वाजवून दाखवत होतो. पुस्तकात वाजवता येत नाही, म्हणून त्या वेळी घाईत राहून गेलेल्या गोष्टी इथे जरा सावकाश सांगतो.

आधी पार्श्वभूमी. आम्ही वडोदऱ्याला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. दोन वर्षांपूर्वी मुलाने ड्रम शिकायचा हट्ट धरला. खरा ड्रमसेट फ्लॅटमध्ये ठेवणं शक्यच नव्हतं, म्हणून वापरलेला इलेक्ट्रॉनिक सेट घेतला. पहिले आठ महिने तो रोज वाजला, मग आठवड्यातून दोनदा, मग क्लासच्या आदल्या दिवशी आणि मग क्लासही सुटला. कारण विचारलं तर उत्तर एकच, "एकट्याने तेच तेच वाजवायला कंटाळा येतो." मी चिडून बोललो, तोही बोलला. त्यानंतर सिंबलवर टॉवेल वाळायला लागले.

शेवटी मी सेट विकायला काढला. आणंदहून एक गृहस्थ रविवारी बघायला येणार होते. त्या आठवड्यात बुधवारी रात्री मुलगा म्हणाला, "बाबा, विकायच्या आधी एकदा गेमला लावून बघू का? कंट्रोलर म्हणून चालतो म्हणे." मला वाटलं, काय बिघडणार आहे? बघू. पुढचे चार दिवस आम्ही दोघांनी जे शिकलो, तो आजचा भाग.

हे गेम कसले असतात?

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पडद्यावर एक रस्ता दिसतो. त्यावरून रंगीत ठोकळे तुमच्याकडे सरकत येतात. खाली एक रेषा असते. ठोकळा रेषेवर आला की त्या रंगाचं पॅड वाजवायचं. मागे गाणं चालू असतं आणि ठोकळे त्या गाण्यातल्या ड्रमच्या ठोक्यांप्रमाणे मांडलेले असतात. बरोबर वेळेवर वाजलं तर गुण, चुकलं तर मालिका तुटते. या मांडणीला चार्ट म्हणतात.

जपानच्या कोनामी कंपनीने १९९९ मध्ये 'ड्रममेनिया' नावाचं असं यंत्र गेमिंग पार्लरमध्ये आणलं. घराघरांत हा प्रकार पोहोचवला तो २००७ च्या 'रॉक बँड'ने. त्यासोबत चार रबरी पॅड आणि एक पेडल असा खेळण्यातला ड्रम मिळायचा. पुढच्या वर्षी 'गिटार हीरो वर्ल्ड टूर' आला, त्याच्याही सोबत ड्रम होता आणि त्या ड्रमला चक्क मिडी जोडायचं भोक होतं. म्हणजे बनवणाऱ्यांनाही कल्पना होती की ज्यांच्या घरी बरा ड्रमसेट आहे, ते लोक खेळण्यातल्या पॅडवर समाधान मानणार नाहीत. २०१० च्या 'रॉक बँड ३'मध्ये सिंबल आणि टॉम वेगवेगळे वाजवायची 'प्रो' पद्धत आली आणि खरा इलेक्ट्रॉनिक ड्रम जोडण्यासाठी वेगळी डबीही विकत मिळू लागली.

आज एवढी खटपट लागत नाही. 'क्लोन हीरो' हा फुकट मिळणारा गेम साध्या लॅपटॉपवर चालतो आणि ड्रमचा मिडी संदेश थेट ओळखतो. 'यार्ग' हा खुल्या स्रोताचा गेमही तसाच. आम्ही क्लोन हीरो वापरला.

पॅडवर मारलं की आत काय होतं?

जोडायच्या आधी हे समजून घ्या, कारण पुढे येणाऱ्या प्रत्येक अडचणीचं उत्तर इथेच आहे.

तुमच्या स्वयंपाकघरात गॅस पेटवायचा खटका-लायटर आहे ना? त्यात बॅटरी नसते. खटका दाबला की आतल्या एका स्फटिकावर हातोडी बसते आणि तो स्फटिक क्षणभर वीज तयार करतो, तिची ठिणगी उडते. याला पिझो म्हणतात. ड्रमच्या पॅडखाली याच जातीची एक पातळ चकती असते. स्टिक बसली की पॅड थरथरतं, चकती त्या थरथरीची वीज करते. हलका ठोका, कमी वीज. जोराचा ठोका, जास्त वीज.

ही वीज तारेतून मॉड्यूलकडे जाते. मॉड्यूल म्हणजे ड्रमच्या बाजूला लावलेली, बटणांची डबी. तिचं काम दोन प्रश्नांची उत्तरं शोधणं. कुठल्या पॅडवर ठोका बसला? आणि किती जोरात? उत्तर मिळालं की ती आपल्या साठ्यातला आवाज हेडफोनमध्ये वाजवते आणि त्याच वेळी यूएसबीच्या तारेतून संगणकाला एक संदेश पाठवते. तो संदेश म्हणजे मिडी.

मिडी ही वाद्यांनी एकमेकांशी बोलायची भाषा. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका वाद्यप्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर तारेने जोडून तिचं पहिलं जाहीर प्रात्यक्षिक झालं. यामागे मुख्य नावं दोन, अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी. २०१३ मध्ये दोघांना त्याबद्दल तांत्रिक ग्रॅमी मिळालं. चाळीस वर्षांहून जुनी ही भाषा अजून चालते, कारण ती फार साधी आहे.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी की मिडीत आवाज नसतो. कागदावर 'धा' लिहिलेलं असतं तेव्हा कागदातून तबला ऐकू येतो का? नाही. कोणता बोल, हे फक्त कळतं. मिडीही तसंच. एका ठोक्याचा संदेश म्हणजे तीन आकडे. उदाहरणार्थ १५३, ३८, ९६. पहिला आकडा सांगतो, 'दहाव्या चॅनेलवर ठोका पडला'. दुसरा सांगतो कुठे, ३८ म्हणजे स्नेअर. तिसरा सांगतो किती जोरात, १ ते १२७ या मापात ९६.

जुन्या गोल मिडी तारेतूनसुद्धा हे तीन आकडे साधारण एक मिलिसेकंदात पोहोचतात. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. आवाजाला हवेतून एक मीटर जायला तीन मिलिसेकंद लागतात. म्हणजे 'तारेमुळे उशीर होतो' ही शंका मनातून काढून टाका. उशीर होतो, पण दुसरीकडे. त्याकडे येतोच.

जोडणी

लागणारं सामान फार नाही. ड्रमच्या मॉड्यूलला बहुतेक वेळा चौकोनी यूएसबीचं भोक असतं, प्रिंटरला असतं तसंच. म्हणून प्रिंटरची तार चालते. आमच्या घरी तीच वापरली. नव्या बहुतेक मॉड्यूलना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. जुना सेट असेल आणि फक्त गोल पाच टाचण्यांचं मिडी भोक असेल, तर मिडीवरून यूएसबी करणारी तार वेगळी मिळते.

क्रम असा ठेवा. आधी तार जोडा, मग मॉड्यूल सुरू करा, मग गेम उघडा. गेम आधी उघडला तर काही वेळा त्याला ड्रम दिसतच नाही. आणि संगीत रेकॉर्ड करायचं दुसरं सॉफ्टवेअर उघडं असेल तर ते बंद करा. विंडोजवर बऱ्याचदा एका मिडी वाद्याशी एका वेळी एकच सॉफ्टवेअर बोलू शकतं. आमचा पहिला अर्धा तास यातच गेला. मुलाने आधी तपासायला म्हणून रेकॉर्डर उघडला होता आणि तो मागे तसाच चालू होता.

मग गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन कंट्रोलर म्हणून आपला ड्रम निवडायचा आणि एकेका रंगासमोर जाऊन ते पॅड वाजवायचं. लाल म्हणजे स्नेअर. प्रो पद्धतीत पिवळा सिंबल म्हणजे हाय-हॅट, निळा म्हणजे राइड, हिरवा म्हणजे क्रॅश, आणि याच तीन रंगांचे तीन टॉम. रस्त्यावर आडवी पसरलेली पट्टी येते ती पायाच्या पेडलची, म्हणजे किकची.

पाच मिनिटांत झालं. मुलगा खेळायला बसला आणि दहा मिनिटांत वैतागला.

अर्धे ठोके कुठे गेले?

त्याची तक्रार अशी की पिवळा सिंबल कधी लागतो, कधी लागत नाही. मी बाजूला उभा होतो, मला तो बरोबर वाजवताना दिसत होता. गेम म्हणत होता, चूक. मी माझ्या परीने निदान केलं, वापरलेला सेट, पॅड गेलं असणार. मनात असंही आलं की आता आणंदच्या गृहस्थांना हे सांगावं लागणार.

पण हेडफोनमध्ये प्रत्येक ठोक्याचा आवाज नीट येत होता. पॅड खराब असतं तर आवाजही गळाला असता. म्हणजे चूक पुढे कुठेतरी होती.

उत्तर मिडीच्या दुसऱ्या आकड्यात होतं. १९९१ मध्ये 'जनरल मिडी' नावाची एक सर्वमान्य यादी ठरली. त्यात किक ३६, स्नेअर ३८, क्रॅश ४९, राइड ५१. पण हाय-हॅटला एक आकडा नाही, तीन आहेत. पाय दाबून बंद ठेवलेली हाय-हॅट ४२. पाय उचलून उघडी वाजवली तर ४६. आणि नुसत्या पायाने 'चिक' केलं तर ४४. काही मॉड्यूल्स कडेवर बसलेला ठोका २२ आणि २६ अशा आणखी वेगळ्या आकड्यांनी पाठवतात.

आम्ही गेमला शिकवताना पाय दाबून वाजवलं होतं. गेमला फक्त ४२ माहीत. मुलाचा पाय सैल झाला की मॉड्यूल ४६ पाठवायचं आणि गेमच्या दृष्टीने ते वाजलंच नव्हतं. पिवळ्या रंगाला सगळे आकडे जोडले आणि तक्रार संपली. स्नेअरचंही तसंच करा. मधला भाग ३८, कडेचा ठोका बहुधा ३७ किंवा ४०.

तेव्हा सूत्र असं. हेडफोनमध्ये आवाज येतो पण गेममध्ये ठोका लागत नाही, तर आकडे तपासा. हेडफोनमध्येही येत नाही, तर पॅड किंवा तार तपासा. या एका सूत्राने तुमचे दोन दिवस वाचतील.

याच्या उलट अडचण म्हणजे न मारलेला ठोका लागणं. स्नेअरवर जोरात मारलं की शेजारचा टॉमही वाजतो, कारण दोन्ही एकाच लोखंडी सांगाड्यावर आहेत आणि थरथर तिकडे पोहोचते. मॉड्यूलमध्ये 'थ्रेशहोल्ड' नावाची सेटिंग असते, तिच्याखालची थरथर मॉड्यूल ठोका मानत नाही. ती थोडी वाढवा. एका ठोक्याचे दोन मोजले जात असतील तर 'रीट्रिगर' किंवा 'मास्क टाइम' वाढवा, म्हणजे एक ठोका ऐकल्यावर मॉड्यूल क्षणभर कान बंद ठेवतं. दोन्ही जपून वाढवा. जास्त वाढवलं की हलके आणि जलद ठोके गळायला लागतात.

एखादा गेम मिडी ओळखतच नसेल तर मध्ये दुभाषी ठेवावा लागतो. मिडीचा आकडा घेऊन कीबोर्डची कळ दाबल्यासारखं करणारी छोटी सॉफ्टवेअर मिळतात. तिथे एक खाचखळगा आहे. पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो, म्हणजे दोन चित्रांत साधारण १७ मिलिसेकंद जातात. कळ याहून कमी वेळ दाबलेली राहिली तर काही गेमच्या ती लक्षातच येत नाही. मॉड्यूलमध्ये 'गेट टाइम' वाढवला किंवा दुभाष्याला कळ थोडी जास्त वेळ धरून ठेवायला सांगितलं की काम होतं.

उशीर नेमका कुठे होतो?

गुरुवारी रात्री आम्ही लॅपटॉप बैठकीतल्या मोठ्या टीव्हीला जोडला आणि सगळं बिघडलं. आदल्या दिवशी लागणारे ठोके चुकायला लागले. हिने स्वयंपाकघरातून विचारलं, "आता काय मोडलं?"

मोडलं काहीच नव्हतं. टीव्ही चित्र सुंदर दिसावं म्हणून त्यावर प्रक्रिया करतो आणि त्यात वेळ जातो. मालिका बघताना हे कळत नाही, कारण टीव्ही आवाजही तेवढाच उशिरा सोडतो. गेममध्ये मात्र तुमचा हात आता वाजवतोय आणि चित्र मघाचं दिसतंय. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो, तो लावला की ही प्रक्रिया बरीचशी बंद होते.

दुसरा गुन्हेगार ब्लूटूथ हेडफोन. त्यात आवाज सहज शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे पडतो. इथे एक मजेदार फरक समजून घ्या. गाणं गेमला आधीपासून माहीत असतं, म्हणून उशीर ठाऊक असला तर तो गाणं तेवढं लवकर सोडू शकतो. पण तुमचा ठोका कुणालाच आधी माहीत नसतो. त्याचा आवाज उशिरा आला तर तो कुठल्याच सेटिंगने लवकर आणता येत नाही. म्हणून तारेचेच हेडफोन वापरा आणि ड्रमचा आवाज गेममधून न घेता मॉड्यूलमधून घ्या. बहुतेक मॉड्यूलना बाहेरचा आवाज आत घ्यायचं भोक असतं. लॅपटॉपमधून तिथे साधी तार लावली की एकाच हेडफोनमध्ये गाणंही येतं आणि ड्रमही.

एवढं झाल्यावर गेममधलं कॅलिब्रेशन करा. गेम टकटक वाजवतो, तुम्ही सोबत वाजवायचं. तुम्ही सरासरी किती पुढे-मागे आहात ते मोजून तो तेवढी दुरुस्ती करतो. आवाजाची चाचणी डोळे मिटून करा, नाहीतर कानाऐवजी डोळा वाजवतो. आणि टीव्ही, हेडफोन, लॅपटॉप यातलं काही बदललं की पुन्हा करा.

खालच्या मजल्यावरचे काका

शुक्रवारी रात्री साडेनऊला दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे काका. शांतपणे विचारलं, "भाई, उपर शुं ठोको छो?"

आम्ही म्हणालो, हेडफोन लावले आहेत. ते म्हणाले, माझ्याकडे येऊन बघा. गेलो. गाण्याचा, स्नेअरचा, सिंबलचा काहीच आवाज नव्हता. पण छतातून धप, धप, धप असा किकचा प्रत्येक ठोका येत होता. काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता आणि त्या नऊला झोपायच्या. मला खरोखर वाईट वाटलं.

हा आवाज हवेतून जात नाही, पेडलचा धक्का फरशीतून स्लॅबमध्ये उतरतो. म्हणून गालिचा घालून फारसा फरक पडत नाही. उपाय म्हणजे ड्रमला फरशीपासून सुटा करणं. ड्रमवाले लोक दोन प्लायच्या मध्ये टेनिसचे चेंडू ठेवून चौथरा करतात. खालच्या आणि वरच्या प्लायला चेंडू बसतील एवढी गोल भोकं पाडायची, म्हणजे ते घरंगळत नाहीत. आम्ही शनिवारी सकाळी सुताराकडून प्लाय कापून आणले. मुलाच्या क्रिकेटच्या मित्रांनी जुने चेंडू दिले. पेडल आणि मुलाचं स्टूल दोन्ही चौथऱ्यावर घेतलं. दुपारी मुलगा वर वाजवत होता आणि मी खाली काकांच्या बैठकीत चहा घेत कान लावून बसलो होतो. पूर्ण बंद झालं नाही. पण 'धप'चं 'टप' झालं, तेही लक्ष दिलं तर. काकांनी वेळ ठरवून दिली, संध्याकाळी सहा ते आठ. तो नियम आजही आहे.

तुम्ही फ्लॅटमध्ये राहत असाल तर ही पायरी सगळ्यात आधी करा. दार वाजल्यावर नको.

मग हा रियाज की खेळ?

रविवारी मी आणंदच्या गृहस्थांना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. मुलगा रोज दोन तास वाजवत होता, अजून काय हवं? दोन महिन्यांनी मी त्याला त्याच्या जुन्या ड्रमच्या सरांकडे घेऊन गेलो. खरं सांगायचं तर शाबासकी ऐकायला गेलो होतो.

सरांनी एक साधं गाणं वाजवायला सांगितलं. पूर्ण ऐकलं. म्हणाले, "लय पक्की झाली आहे. हात-पाय सुटे झालेत, हे शिकवायला मला वर्ष लागतं. पण तू सगळं एकाच जोरात वाजवतोयस. दाराला खिळे ठोकल्यासारखं."

घरी येऊन मी विचार करत बसलो आणि मिडीचे ते तीन आकडे आठवले. ठोका पडला, कुठे पडला, किती जोरात पडला. गेम काय तपासतो? कुठे आणि कधी. किती जोरात, हा तिसरा आकडा त्याच्यापर्यंत पोहोचतो आणि बहुतेक वेळा तो तसाच फेकून देतो. ४० ने मारा नाहीतर १२७ ने, गुण तेवढेच. मग शहाणं पोर काय करेल? ठोका गळू नये म्हणून जोरातच मारेल. दोन महिने आमच्या घरी हेच झालं होतं.

खात्री करायला मी त्याचं वाजवणं मिडी म्हणून रेकॉर्ड केलं. मिडीतले आकडे उघडून बघता येतात, हा त्याचा मोठा फायदा. स्नेअरचे जवळजवळ सगळे ठोके ११० च्या वर. कितीतरी तर १२७, म्हणजे मापाच्या टोकाला टेकलेले. तबल्यात नुसते बोल बरोबर आले म्हणून कुणी वाहवा म्हणतं का? कुठे दाब द्यायचा, कुठे हात हलका करायचा, यातच तर वाजवणाऱ्याची ओळख असते. ड्रममध्येही मोठ्या ठोक्यांच्या मध्ये अगदी पुसट वाजणारे स्नेअरचे ठोके असतात. ते काढले तर गाणं चालतं, पण डोलत नाही.

म्हणून आता आम्ही असं करतो.

पहिली वीस मिनिटं गेम. मनसोक्त, गुणांसाठी. यात लय, हात-पाय सुटे होणं आणि मुख्य म्हणजे रोज बसायची सवय, एवढं मिळतं. हे थोडं नाही.

मग पडदा बंद. तेच गाणं नुसतं ऐकत वाजवायचं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मुलगा आठ मात्रांत हरवला. डोळ्यांना रस्ता दिसत होता म्हणून हात चालत होते, गाण्याची बांधणी त्याला पाठ नव्हतीच. आता तो सम मोजायला लागलाय.

शेवटची दहा मिनिटं तिसऱ्या आकड्याची. मेट्रोनोम लावून स्नेअरवर चार ठोके, एक जोराचा, तीन हलके. रेकॉर्ड करायचं आणि आकडे बघायचे. जोराचा शंभराच्या आसपास, हलके चाळिशीच्या आसपास. मुलाला यातही गुण दिसतात, म्हणून तो कंटाळत नाही. त्याने स्वतःच वहीत तक्ता केलाय.

क्लोन हीरोमध्ये ज्या गाण्यांच्या चार्टमध्ये हलके आणि जोरकस ठोके वेगळे दाखवलेले असतात, तिथे गेम जोरही बघतो. अशी गाणी आवर्जून निवडा. पण त्याआधी मॉड्यूलची संवेदनशीलता नीट लावा. ती फार वाढवलेली असेल तर मध्यम ठोकाही १२७ जातो आणि हलकं-जोराचं यातला फरक आधीच पुसला जातो.

कुणी विचारेल, फक्त गेमसाठी नवा ड्रमसेट घ्यावा का? मी म्हणेन, नको. घरी पडून असेल, भाचरांकडे किंवा शेजारी असेल, तर आणा आणि प्रिंटरची तार लावून बघा. एक पैसा खर्च न करता कळेल. आणि मूल शिकत असेल तर शिक्षक सोडू नका. कधी वाजवायचं हे गेम सांगेल, कसं वाजवायचं ते माणूसच सांगतो.

आमच्याकडे क्लास पुन्हा सुरू झाला आहे, शनिवारचा. मागच्या आठवड्यात काकूंच्या गुडघ्याची चौकशी करायला गेलो होतो. त्या म्हणाल्या, हल्ली संध्याकाळी वरून काहीच ऐकू येत नाही, पोराने सोडलं की काय? मी म्हटलं, नाही हो, तो हलके ठोके शिकतोय.

तुमच्याकडचा सेट जोडताना काही अडलं तर आधी ते सूत्र आठवा, हेडफोनमध्ये आवाज येतोय का? तिथून सुरुवात करा. पुढच्या भागात याच मॉड्यूलला साधा पिझो लावून घरच्या घरी एक जादा पॅड कसं बनवायचं ते बघू. तोवर नमस्कार.